झोपलेल्या राजाले गादी काऊन?

बायांनो, डोकं तापलं आहे, म्हणून इथं लिहून राह्यली.

आमची ती जादूच्या राज्याची मालिका आज दुपारी संपली. शेवटचा भाग म्हणून मी अन् सासूबाई तुरीच्या हिरव्या शेंगा घेऊनच टीव्हीपुढं बसलो. पाहता पाहता सोले, म्हणजे कोवळे दाणे काढायचे अन् मग ते टाकूनच पास्ता करायचा. पास्ता बोथच्या बाजारातून आणलेला, तूर वावरातली. वरून हिरवा लसूण, मिरची अन् तूप, बस.

राणी इतके वर्षं एकटी राक्षसांशी लढली. नवरा शापानं झोपलेला. आज तो उठला, आळस दिला, अन् राणीनं आपला मुकुट त्याच्या डोक्यावर ठेवला! लिहिणाऱ्याले लाज कशी नाही वाटली?

सासूबाईंनी हातातली शेंग टीव्हीवर फेकून मारली.

पास्त्याच्या वासानं आमचे हे उठले. आजचा भाग सुरू झाल्यापासून दिवाणावर घोरत होते. शेवट सांगितला तर म्हणतात, "बरोबर केलं. राज्य नवऱ्याचंच राह्यते." अन् ताटासाठी हात पुढं केला.

आमच्याकडे पयलं ताट पुरुषाचं. मी नेऊनच राह्यली होती. सासूबाईंनी ते मधातच घेतलं अन् माझ्यापुढं ठेवलं. लेकाले म्हणाल्या, "जे जागे होते ते पयले जेवतीन. तू उरलेल्या शेंगा सोल."

लिहिणाऱ्यावर राग आहेच. पण ते ताट मी ह्यांच्याकडे नेत होती, ते मले कोणी लिहून दिलं होतं?

तुमच्या घरी आज पयलं ताट कोणाले गेलं?