सुदानातली काळी माती

येरमाळ्याच्या बलभीम शेतकऱ्याचा थोरला, हिंमत, हैदराबादेत शिकून इंजिनिअर झाला आणि १९५९ साली थेट सुदानात नोकरीला लागला. पहिल्याच दिवशी तो शाळेच्या इमारतीची जागा बघायला गेला, तर पायाखाली थेट येरमाळ्यासारखीच भेगाळलेली काळीभोर जमीन! त्याला आनंदानं ओरडावंसंच वाटलं. वरच्या साहेबांनी पाया दोनच हात खोल आखला होता.

"साहेब, ही माती पावसात फुगते, उन्हात आकसते. खाली घट्ट थर लागेपर्यंत खणू या," हिंमतनं हट्टच धरला. पाया आठ हात खाली गेला. दोन पावसाळे झाले, तरी भिंतीला केसाएवढी चीर पडली नाही.

सुट्टीत घरी आल्या आल्या त्यानं सांगितलं, "अण्णा, गोठा बांधताना तुम्ही शिकवलं, तेच तिथं केलं!"

बलभीम ताडकन उठले. "ऐकलंस का गं? आपल्या गोठ्याची अक्कल परमुलखात चालली!"

हिंमतच्या आईला, सारजाबाईंना, वेगळाच घोर होता. "पर तिथं खातूस काय?"

"ज्वारी, आई! तिथली माणसंबी ज्वारीच खात्यात."

"व्हय? मग मला का न्हेत न्हाईस?"

पुढच्या खेपेला हिंमतनं दोघांनाही सोबत नेलं.