शिरीषाखालची जागा

पिशवीवाल्या मावशी झाडाला टेकून कधी उभ्या राहायच्या नाहीत. कान लावून उभ्या राहायच्या. बीडच्या वनउद्यानातल्या रोपवाटिकेत त्या मातीच्या पिशव्या भरत, म्हणून हे नाव. मूळच्या नांदूरघाटच्या. गुडघे गेले तशी ऊसतोड सुटली आणि हातात कोयत्याऐवजी खुरपं आलं. मी सकाळी फिरायला जावं, तर ह्या कुठल्या तरी खोडाशी डोळे मिटून उभ्या. मला हसू यायचं.

फाटकाजवळच्या जुन्या शिरीषापाशी त्या जास्तच रेंगाळायच्या. उद्यानातली सगळ्यात गार सावली तिथली, आणि नेमकी तिथंच, आडव्या फांदीखाली, त्यांनी रोपांच्या पिशव्या दाटून मांडल्या होत्या.

"मावशी, माणसांनी बसायचं कुठं?"

"दुसरीकडं बसा, सर. ही फांदी कुरकुरायलीय." त्यांनी ओंजळ पुढं केली. तीत रोपांच्या पानांवरून पुसलेला, वरच्या फांदीतून गळालेला लाकडाचा पिवळसर भुसा होता. "रोज जास्त पडायलाय. साहेबाला तीनदा सांगितलं. अर्ज वर गेलाय म्हनत्यात."

मी जीवशास्त्राचा मास्तर. वर बघितलं, पानं हिरवीगार. तसं त्यांना सुनावलंही.

"पानाला काय ठावं? खोडाला इचारा."

माती चाळणाऱ्या बाईनं मला शिकवावं हे मला झोंबलं, खोटं कशाला बोलू.

एप्रिलमध्ये नेकनूरचे पाहुणे आले. डबे घेऊन उद्यानात गेलो, तर रोपं सावलीत आणि आम्ही उन्हात. मी तडक कार्यालयात जाऊन अभिप्रायाच्या वहीत लिहिलं : 'सावली माणसांसाठी आहे की पिशव्यांसाठी?' पुढच्या रविवारी पिशव्या हिरव्या जाळीखाली हलल्या होत्या. मी मनातून खूश झालो.

पण मोकळ्या झालेल्या जागेत मधोमध मावशी बसलेल्या. चाळणी, खुरपं, रिकाम्या पिशव्यांचा गठ्ठा, सगळा पसारा तिथंच.

"आता इथं का?"

"कुनीतरी बसलेलं पायजे, सर. मंग दुसरं कुनी येत न्हाई."

तरी कुणी सतरंजी घेऊन आलंच तर त्या ओरडायच्या, "इतं लई मुंग्या हायत, तिकडं जावा!" लोक पुटपुटत निघून जायचे. भुसा आता मावशींच्या पदरावर पडायचा. तो झटकून त्या एकदा वर बघायच्या आणि पुन्हा माती चाळू लागायच्या. मला ते बघवत नव्हतं. वहीत दुसरी ओळ लिहिणं मात्र मला सुचलं नाही.

मे महिन्यातल्या एका दुपारी, पानही हलत नसताना, ती फांदी कोसळली. खाली मावशी एकट्याच होत्या. घटकाभर आधीच त्यांनी एका बाईला दोन लेकरांसकट तिथून हुसकावलं होतं. ती बाई मावशींच्या मातीला आली होती. "मी त्यास्नी वाईट बोलले वो," एवढंच ती पुन्हापुन्हा म्हणत होती.

मी अजून उद्यानात जातो. कुणी बघत नसलं की एखाद्या खोडाला कान लावतो. मला काही ऐकू येत नाही.

शिरीष तोडला. वही आहे. माझं अक्षर पहिल्यापासून वळणदार, त्यामुळे ती ओळ अजून स्वच्छ वाचता येते.