चार नवांचा मेल

मी लबाड आहे, असं मला भर शेडमध्ये ऐकवलं गेलं, तेही द्राक्षं पॅक करणाऱ्या सगळ्या बायकांसमोर. आजही आठवलं की कान तापतात.

दोन हजार सालानंतरची ती सुरुवातीची वर्षं. नाशिकहून एसटीने मी रोज पिंपळगाव बसवंतला जायचे. तिथे द्राक्षं निर्यात करणाऱ्या एका बागाईतदाराच्या ऑफिसात कॉम्प्युटर सांभाळायचे. मालकांना सगळे अण्णा म्हणत. माणूस दिलदार, पण तोंडाचा फटकळ. हॉलंडच्या व्यापाऱ्याला मालाचा तपशील कळवायचा, तिकडून होकार आला की कंटेनर हलवायचा, असा रिवाज होता. आधी हे फॅक्सने चालायचं. त्या हंगामात पहिल्यांदाच मेल सुरू झाला.

मेलचा पत्ता अण्णांनी स्वतः ठरवला, अगदी जीपचा नंबर ठरवतात तसा. पुढे 'ग्रेप किंग', मागे चार नऊ. नऊ त्यांना लाभतो. विषयाच्या जागी सुरुवातीला '॥ श्री ॥', मग सगळी कॅपिटल अक्षरं आणि शेवटी उद्गारचिन्हांची रांग. "बारीक अक्षरात लिव्हलं तर समोरच्याला वाटंल, हे कोन भिकारी," असं त्यांचं म्हणणं. पगार त्यांचा, हट्टही त्यांचाच. मी तसेच मेल पाठवत राहिले.

पहिला कंटेनर भरायला आला आणि हॉलंडहून फोन आला, तुमच्याकडून एक ओळही आलेली नाही, आम्ही दुसरीकडून माल घेतो. अण्णा तरातरा शेडमध्ये आले. मी पेट्यांवरची लेबलं तपासत होते.

"ही बघा शिकलेली पोरगी! मेल पाठवलाच नाय आन् पाठवला म्हून सांगती. लय लबाड हाय."

"अण्णा, मी पाठवला होता."

"मंग गेला कुठं? कसारा घाटात बंद पडला का?"

बायका खो खो हसल्या. उद्यापासून येऊ नको, अण्णा म्हणाले.

नोकरी गेली तर गेली, पण लबाड म्हणवून घेऊन मी एसटीत बसणार नव्हते. तडक ऑफिसात जाऊन कॉम्प्युटर उघडला. पाठवलेले मेल जागच्या जागी होते. मग आमच्याच खात्यातला, कोणी कधी न उघडलेला जंक फोल्डर उघडला. लॉटरी लागल्याचं सांगणारे, औषधं विकणारे, फुकट पैसे देऊ करणारे कुठले कुठले राजे. नावांमागे आकडेच आकडे, सगळी अक्षरं मोठी, वर उद्गारचिन्हं. आमचा मेल त्या जत्रेत उभा केला असता तर अण्णांनाही ओळखू आला नसता.

कोणाला न विचारता मी हॉलंडला आयएसडी फोन लावला. मोडक्यातोडक्या इंग्रजीत तिथल्या बाईंना म्हटलं, तुमचा जंक फोल्डर बघा, मी थांबते. थोड्या वेळाने त्या मोठ्याने हसल्या. आमचे सगळे मेल तिथेच पडले होते. आमच्या 'श्री'चे तिकडे चौकोन आणि प्रश्नचिन्हं झाली होती. त्यांना आम्ही लॉटरीवालेच वाटलो होतो. माल घेऊ म्हणाल्या, पण तपशील साध्यासुध्या पत्त्यावरून पाठवा, तो पत्ता मी ओळखीच्यांत नोंदवून ठेवते.

फोन ठेवला तर अण्णा दारात उभे. मी सगळं सांगितलं.

"नऊ सोडायचे नाय," ते म्हणाले. "आन् देवाचं नाव काढायचं म्हंजे काय?"

"अण्णा, देवाचं नाव आपणच रोज त्यांच्या कचऱ्यात पाठवतोय."

ते समोरच्या स्टुलावर बसले. मी नवा पत्ता काढला. नुसतं फर्मचं नाव, ना किंग ना नऊ. विषयात एवढंच, की हा कंटेनरचा तपशील आहे. चहा गार व्हायच्या आत होकार आला.

अण्णा खूश. "शाब्बास! उद्या टायमावर ये. पासवर्ड सांग."

"सांगते. आधी शेडमध्ये चला."

"कशाला?"

"जिथे लबाड म्हणालात, तिथेच काय ते सांगा."

त्यांनी डोळे वटारले. बाहेर कंटेनरवाला हॉर्न मारत होता. मी खुर्चीवरून हलले नाही. भीती वाटत होती, पण रागच जास्त होता. शेवटी ते उठले. शेडमध्ये जाऊन मान खाजवत म्हणाले, "ऐका गं. पोरीनं मेल पाठवला व्हता. मपल्या पत्त्याचंच लफडं झालं."

हातातला घड न ठेवता एक बाई म्हणाली, "आमी बी हासाया नको व्हतं, पोरी."

मग मी पासवर्ड सांगितला. इंग्रजी अक्षरांत, सलग लिहायचा होता, 'मी पाठवला होता'. पुढचे सगळे हंगाम मेल उघडायचा म्हटलं की अण्णा चष्मा लावून, एका बोटाने, एकेक अक्षर शोधत तेवढं लिहायचे. बदल गं आता तो, असं दरवर्षी म्हणायचे. मी बदलला नाही.