नळी लावा

वडील गेल्यावर त्यांची स्कूटर माझ्याकडं आली. मी शाळेत विज्ञान शिकवतो. प्रदूषणाचा धडा दरवर्षी माझ्याच वाट्याला येतो. रोज सकाळी उस्मानपुऱ्यातल्या आमच्या इमारतीखाली मी स्कूटर पाच मिनिटं सुरू ठेवायचो, मग निघायचो. वडीलही तसंच करायचे.

एका रविवारी तळमजल्यावरच्या काकू खिडकीचे गज पुसताना दिसल्या. बँकेतून निवृत्त झालेल्या, एकट्या राहतात, दम्याचा त्रास आहे. हातातलं फडकं काळंकुट्ट झालं होतं.

"काकू, इतकी धूळ येते?"

"धूळ नाही, धूर आहे. तुमच्या गाडीचा."

मी पाकिटातून पीयूसी काढून दाखवलं. काकूंनी चष्मा लावला, कागद वरपासून खालपर्यंत वाचला आणि परत दिला.

"पास आहे. मग माझ्याच घरातला असेल."

त्या चिडल्या असत्या तर बरं झालं असतं. मी विचारलं, "इतकी वर्षं बोलला का नाहीत?"

"तुमच्या वडिलांची गाडी. कसं बोलायचं?"

खरं सांगायचं तर ते पीयूसी निघालं तेव्हा स्कूटर बंदच होती. जालना रोडवर पंपाशेजारी व्हॅन उभी असते. तिथल्या माणसानं नंबर प्लेटचा फोटो काढून कागद हातात दिला होता आणि मलाही घाई होती. त्याच दुपारी मी परत तिथं गेलो.

"नळी लावा," मी म्हणालो.

"कशाला सर? तुमची मुदत लई बाकी हाय."

"तरी लावा."

"नापास होईल."

"न लावताच कसं कळलं?"

"तुम्ही येताना दिसलं की."

त्यानं सायलेन्सरमध्ये नळी घातली. नापास. मग मला वाईट वाटू नये म्हणून म्हणाला, "मागची गाडी नवीन हाय. नळी तिला लावतो, नंबर तुमचा टाकतो." मागचे गृहस्थ काही न विचारता गाडी पुढं घेऊ लागले. मी नको म्हणालो, तेव्हा दोघंही माझ्याकडं काळजीनं बघू लागले.

मेकॅनिकनं इंजिन उघडलं. "धूर कमी करून देतो," तो म्हणाला, "बंद व्हायचा नाय."

महिनाभर मी स्कूटर ढकलत कोपऱ्यापर्यंत न्यायचो आणि तिथं सुरू करायचो. मग लक्षात आलं, कोपऱ्यावरही घरं आहेत. शेवटी चिकलठाण्याच्या पुढं ती मोडीत दिली. सीटवर वडिलांनी लावलेली ठिगळं होती. मी ती मागून घेणार होतो, पण तोवर भंगारवाल्यांनी गाडी आत नेली होती.

आता मी सिटी बसनं जातो. बस शाळेपाशी पाऊण तास आधीच सोडते. मुख्याध्यापक म्हणाले, "लवकर येताच आहात, तर गेटवरची ड्युटी तुम्हीच घ्या." मुलांना सोडायला येणाऱ्या गाड्या तिथं रांगेत उभ्या असतात. मी एकेकाच्या काचेवर टकटक करून इंजिन बंद करायला सांगतो. काही जण करतात.