देवीसाठी विहिरीचं पाणी

"देवी असती तर तुमच्याबद्दलही काही बोलली असती, हे दोघं फक्त माझ्याबद्दलच बोलतात."

हेमाने हे ठाकुर्लीच्या डॉक्टरबाईंना सांगितलं, तेव्हा आवाज ऐकू येऊ लागून तीन वर्षं झाली होती. एक पुरुष, एक बाई. हेमा भात वाढायला उठली की ते म्हणत, आता उठली, आता पातेलं घेतलं, बघ कशी घेते. ती पहिल्यांदा त्यांच्यावर ओरडली ती नवरात्रात, घटासमोर. शीळफाट्याजवळच्या त्या आगरी गावात याचा एकच अर्थ होता: अंगात देवी आली. आई सगुणाने तिला पाटावर बसवलं, कपाळ कुंकवाने भरलं. बायका प्रश्न विचारायला येऊ लागल्या.

पुढे हेमाला वाटू लागलं, नळाच्या पाण्यात कुणीतरी काही कालवतंय. तिने ते पाणी पिणं सोडलं. सगुणा म्हणाली, "देवीला नळाचं चालत नाय." शेत बिल्डरला गेलं होतं, विहीर तेवढी इमारतीमागे उरली होती. तिथून दोन वर्षं हंडे आले. आजारासाठी कुणी इतक्या श्रद्धेने पाणी भरलं नसेल.

मग आंघोळ सुटली, बोलणं सुटलं. कुणी मेलं काय, जेवण आलं काय, चेहरा सारखाच. शेवटी भाऊ नयनने विचारलं, "आये, दसरा होऊन महिना झाला. ही देवी घरी जात कशी नाय?" आणि तो तिला ठाकुर्लीला घेऊन गेला. स्किझोफ्रेनिया हा शब्द त्याला घरी नीट सांगता आला नाही. गोळी रोज द्यायची, एवढंच सांगितलं.

गोळीने आवाज गेले नाहीत; वरच्या मजल्यावर राहायला गेल्यासारखे झाले. अंग सुटलं, हात थरथरू लागले, दहा वाजले तरी डोळे उघडेनात. पण ती नळाचं पाणी पिऊ लागली. भाकऱ्या थापू लागली.

यंदा नयन कामासाठी सुरतेला होता. घट बसले आणि सगुणाने गोळ्या काढून घेतल्या. "नऊ दिवस गो. गोळी खाल्लीस तर देवी येईल कशी? गेल्या साली बाया तशाच गेल्या."

पाचव्या दिवशी आवाज खाली उतरले. सातव्या दिवशी दुपारी हॉल भरला. आता बसली, आवाजांतली बाई म्हणाली. पदर घेतला, पुरुष म्हणाला. समोर शेजारची रखमाबाई हात जोडून होती. "माय, आमच्या मितेशचं लगीन कवा जमंल?"

"आधी त्याला अंथरुणातून उठव गो," मागून कुणीतरी म्हणालं. बायका हसल्या. आवाजही हसले.

"बोल ना गो." सगुणाने तिचा गुडघा दाबला. काहीही बोललं असतं तरी चाललं असतं. दोन शब्द, आणि ती पुन्हा देवी.

शब्द हेमाच्या जिभेपर्यंत आले होते. ते तिचे नव्हते. तिने दात आवळले. पाटावरून उठली, आतल्या कपाटातून डॉक्टरांची फाइल काढली. सगुणा दारात आडवी उभी राहिली. "हेमा, बाया बसल्यात."

हेमाने तिला दंडाला धरून बाजूला केलं, ढिगातून आपल्या चपला शोधल्या आणि फाइल काखेत धरून जिना उतरली.