जवाईबापूनं नापास केलेली फाइल

चहा घ्या, पन कप नीट धरा. कारन आता मी माझ्याच अब्रूचा पंचनामा वाचून दाखवतो!

शुक्रवारी हिंगणीले सासुरवाडीत गेलतो. पोहोचत नाई तं साळी पल्लवी, बायकोची लहान बहीन, रडवेली होऊन समोर. "भाऊजी, लॅपटॉप सुरूच नाई होऊन राह्यला. सोमवारी कॉलेजात प्रेझेंटेशन हाय. नाई झालं तं मार्क गेले!"

आता मी वर्ध्याच्या एका हापिसात बाबू. प्रिंटरमधी अडकलेला कागद काढतो, एवढंच. पन सासुरवाडीत मले कॉम्प्युटर इंजिनियर समजतात. मीबी कधी नाई म्हनलं नाई. कोन म्हनते हो?

"टेन्शन घेऊ नको. नवीन सिस्टीम टाकून देतो, फुकटातली!"

नेटवरून उतरवाची फाइल निघाली पाच जीबीची. घरात नेट फक्त मोबाइलचं, एका फोनले रोजचं दोन जीबी. मंग काय, माझा लॅपटॉप संग होताच, त्याले जोडाले बायकोचा फोन घेतला, सासूबाईंचा घेतला. मामाजी, म्हनजे माझे सासरे, फोनवर मॅच पाहून राह्यलते. तोबी घेतला. चार्जरबी सोताच आनून देला बिचाऱ्यांनी!

शनिवारी सकाळी फाइल आली. साधा मानूस लगेच टाकून मोकळा झाला असता. मी पडलो हुशार! म्हनलं, एवढी मोठी फाइल, येता येता खराब झाली असन तं? त्याच्यासाठी संग एक छोटी चिठ्ठी येते, तेबी एक फाइलच. चिठ्ठीत चौसष्ट अक्षरं-आकड्यांची ओळ. आपल्या फाइलवर तपासनीचा प्रोग्राम चालवला का तोबी एक ओळ देते. दोन्ही जुळल्या तं फाइल चांगली. एक अक्षर हुकलं तं बाद.

प्रोग्राम चालवला. एका सेकंदात ओळ हजर! "पाह्यलं? लॅपटॉप असावा तं माझ्यासारखा!"

पल्लवी चिठ्ठी वाचू लागली. "पैलं अक्षर ए."

"इथं सात."

"दुसरं तीन."

"इथं एफ. बाद! पुसून टाक हे फाइल."

"पन भाऊजी..."

"पल्लवी!" सासूबाई सैपाकघरातून ओरडल्या. "ताट वाढ जवाईबापूले."

पुरनपोळी हानली आन ताणून देली. उठल्यावर पुन्हा तिन्ही फोन, पुन्हा पाच जीबी. पुन्हा बाद! रविवारी तिसऱ्यांदा. मामाजींची फायनल मॅच होती त्या दिवशी, तरी फोन देला. आन ओळ कोनती आली? तीच! सात, एफ, पुढचीबी सारी तशीच.

तीन डाउनलोड, तिन्हींत अगदी तोच बिघाड. दुसऱ्या कोनाच्या डोक्यात प्रकाश पडला असता का नाई? मी काय म्हनलं? "हा टॉवरच खराब हाय!"

सोमवारी सकाळी तोंड दाखवायची लाज वाटत होती. पोरीचे मार्क माझ्या हातानं बुडाले. पल्लवी बॅग घेऊन बस पकडाले निघाली. म्हनलं, "पल्लवी, माफ कर मले."

"माफी काऊन, भाऊजी?" तिनं बॅगेतून लॅपटॉप काढला. उघडला. सुरू! प्रेझेंटेशन तयार!

"अवं, हे कसं झालं?"

तिनं आईकडं पाह्यलं. सासूबाईंनी मान हलवली.

"भाऊजी, तुमी मोठी फाइल तपासतच नोते. त्या चिठ्ठीवरच प्रोग्राम चालवत होते, तिन्ही वेळा, म्हनून तीच ओळ येत होती. पाच जीबी एका सेकंदात कसे तपासून होतीन? शनिवारी पुसायच्या आधी मी फाइल पेनड्राइव्हवर घेतली. तुमी झोपल्यावर तपासली, सारी ओळ जुळली. टाकून घेतली."

म्हनजे शनिवारपासून लॅपटॉप ठनठनीत, आन मी दोन दिवस टॉवरले शिव्या देऊन राह्यलो!

"मंग मले सांगतलं काऊन नाई?"

सासूबाई म्हनल्या, "जवाईले चुकलं म्हनाव का आमी?"

माझे डोळे भरून आले हो! केवढा हा मान! मी मामाजींकडं वळलो. "मामाजी, तुमालेबी माहीत होतं? तरी माझ्या मानासाठी फायनल सोडली?"

"मानाचं सोडा, जवाईबापू," मामाजी म्हनाले. "मागच्या खेपेले तुमी मोकळे बसले होते, तं मिक्सर दुरुस्त केला, तो अजून सुरू नाई झाला. म्हनलं, मॅच गेली तं गेली, फ्रिज तं वाचन!"