गुरुवारचे कागद

साक्षीभाव हा मोठा कठीण गुण आहे. दिव्याच्या उजेडात कोणी पोथी वाचतो, कोणी कपट रचतो. दिवा दोघांनाही सारखेच उजळतो. शास्त्रांनी या गुणाची थोरवी पुष्कळ गायिली आहे. तो देहधारी पाहायचा, तर नगरपालिकेच्या विभागीय कार्यालयाची गच्ची गाठावी लागे. तिथे कागदबाई असत.

हे नाव कचेरीने ठेवलेले. गच्चीवरचे एक यंत्र अहोरात्र रस्त्याची हवा आत ओढी आणि तळहातात मावेल अशा शुभ्र गोल कागदातून गाळून सोडी. रोज सकाळी सातला बाई चिमट्याने कालचा कागद काढीत व नवा बसवीत. काढलेला कागद काचेच्या पेटीत एक दिवस सुकला, की तराजूवर जाई. तो तराजू इतका हळवा, की आकडा स्थिर होईपर्यंत बाई श्वास रोखून बसत. तेवढा वेळ खोली पाण्याखाली गेल्यासारखी निःशब्द होई, आणि खालची रहदारी दुसऱ्याच कोणाच्या स्वप्नातून ऐकू येतेय असे वाटे. तेवीस वर्षे बाईंनी शहराचा श्वास असा आपला श्वास थांबवून तोलला.

समोरच्या शाळेतल्या मुलांच्या खोकल्यावरून एका वर्षी बोभाटा झाला. राज्याच्या नव्या नियमाने शहरांना मुभा दिली होती : शाळेजवळचा रस्ता सकाळच्या वेळेत जुन्या डिझेल गाड्यांना बंद करून सहा महिने पाहा, हवा सुधारली तर बंदी कायम करा, नाही तर उठवा. पाच महिने सरले, आणि कागदांवरच्या काजळीची सरासरी जागची हलेना. ‘फरक नाही’ असा अहवाल तयार होऊ लागला.

बाईंनी एके दिवशी पाच महिन्यांचे कागद लांब टेबलावर मांडले, आठवड्याची एक ओळ याप्रमाणे. क्षणभर त्यांना वाटले, आपण आकाशच अंथरले आहे. फिकट राखी चंद्रांच्या बावीस ओळी, आणि त्यांतून वरपासून खालपर्यंत उतरत गेलेला काळ्या चंद्रांचा एक स्तंभ. तो गुरुवारचा होता.

पुढल्या गुरुवारी आठ वाजता त्या कठड्याशी उभ्या राहिल्या. यंत्राच्या अगदी खाली मोठ्या साहेबांची जुनी डिझेल गाडी उभी होती. सरकारी म्हणून तिला बंदीतून सूट. इंजिन घुरघुरत होते. आत सीट मागे सारून चालक गाढ झोपला होता. तो बाईंचा सख्खा थोरला भाऊ.

त्यांनी खाली जाऊन काचेवर टकटक केली. “दादा, गाडी बंद कर.”

“आणि साहेब तापले म्हणजे?” तो डोळे चोळत म्हणाला. “त्यांना गार गाडी लागते.”

“किती वेळ चालू असते?”

“मीटिंग संपेपर्यंत. बंदी आल्यापासून दर गुरुवारी असते. धूर कमी कसा करायचा, यावर तीन-तीन तास बोलतात बिचारे.”

बाई हसल्या नाहीत. त्यांनी सगळे सांगितले, तेव्हा दादाचेही हसू मावळले.

“म्हणजे अहवालात माझी गाडी येणार?”

“येणार.”

“वा! चोर सोडून संन्याशाला फाशी! दोन वर्षं राहिलीत माझ्या निवृत्तीला. तुझं शिक्षण व्हावं म्हणून मी शाळा सोडून स्टिअरिंग धरलं, विसरलीस?”

“नाही विसरले.”

“मग ते काळे कागद फेकून दे ना. यंत्र बिघडलं होतं म्हण. बंदीही राहील, मीही राहीन.”

खरोखर वाट सोपी होती. गुरुवार वगळला, की सरासरी लगेच उतरत होती. मुलांचे भले, भावाचेही भले. पण बाई म्हणाल्या, “आज काळा म्हणून फेकला, तर उद्या माझ्या पांढऱ्यावर कोण विश्वास ठेवेल?”

दादा तणतणत निघून गेला. तीन दिवस बोलला नाही. चौथ्या दिवशी मात्र धापा टाकीत गच्चीवर आला आणि टेबलापाशी थबकला.

“हात लावू नकोस हं!”

“नाही लावत, बाई.” त्याने तो काळा स्तंभ डोळ्यांनीच वरपासून खालपर्यंत चाचपला. “एवढं सगळं मी?”

“तू नाही. गाडी.”

“किल्ली काय गाडीनं फिरवली?” तो खिडकीकडे वळला. खाली शाळेची मधली सुट्टी झाली होती. मुलांकडे पाहत म्हणाला, “लिही. पण मी झोपलो होतो, तेवढं लिहू नकोस.”

“झोप तोलायला माझ्याकडे तराजू नाही,” बाई म्हणाल्या.

पुढच्या गुरुवारी त्यांनी साहेबांच्या धूर-समितीच्या मीटिंगमध्ये कागद मांडले आणि घडले तसे सांगितले : गाडी कोणाची, चालक कोण, इंजिन चालू ठेवण्याचा हुकूम कोणाचा. साहेबांचा चेहरा उतरला. “हे गुरुवार वगळले तर?” त्यांनी विचारले.

“वगळू नका. दोन महिने वाढवा, आणि खाली इंजिन बंद ठेवा.”

कोणी बोलेना. त्या शांततेत प्रथमच साऱ्यांच्या ध्यानात आले, की खालची घुरघुर आज नाही. दादाने किल्ली काढून घेतली होती. उघड्या खिडकीतून वर्गात एका सुरात म्हटले जाणारे पाढे आत येत होते, आणि मोठी माणसे ते ऐकत राहिली.

दोन महिन्यांनी सरासरी उतरली. बंदी कायम झाली, सरकारी गाड्यांची सूट गेली, आणि उभ्या वाहनाचे इंजिन बंद ठेवण्याचा नियम पालिकेने आधी स्वतःच्या गाड्यांना लावला. दादाला साहेबांच्या गाडीवरून उतरवून शहर बसवर धाडले. “झोप गेली माझी,” तो बहिणीला म्हणे. पण थांब्यावर बस जरा रेंगाळली, की आधी किल्ली फिरवून इंजिन बंद करी.

बाईंना जाऊन आता सहा वर्षे झाली. गच्चीखालच्या खोलीत त्यांचा चिमटा आहे, कपाटात तारखांनिशी लावलेले कागद आहेत. त्यांत गुरुवारचेही आहेत. आणि तो रस्ता सकाळी बंद असतो.